मलपृष्ठाने दिलेला शब्द

सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवणाऱ्याला एक गोष्ट फुकटात कळते, जी परीक्षण लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. वाचकाने पुस्तक नेमकं कुठे सोडलं, ही ती गोष्ट. तोंडाने कुणी सांगत नाही. "छान होतं" म्हणत पुस्तक काउंटरवर ठेवतात आणि दुसरं मागतात. पण पुस्तक चहाडी करतं. पेपरबॅकच्या कण्यावर जिथपर्यंत सुरकुत्या, तिथपर्यंत वाचन. त्यापुढची पानं अजून कोरी, एकमेकांना चिकटलेली. मधे खूण म्हणून घातलेलं लोकलचं तिकीट, औषधाच्या दुकानाची पावती, क्वचित लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा तसाच राहून गेलेला.

डोंबिवलीतल्या माझ्या लायब्ररीत इंग्रजी कपाटाच्या खालच्या खणात एक जाडजूड कादंबरी आहे: सुझॅना क्लार्क यांची 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल'. आठशेच्या घरात पानं, दोनशेच्या आसपास तळटीपा. काळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, नेपोलियनशी युद्ध चालू असताना इंग्लंडमध्ये जादू परत आणू पाहणाऱ्या दोन जादूगारांची गोष्ट. हे पुस्तक नेणारे बरेच, पुरं करणारे थोडे, आणि पुरं करणाऱ्यांतले बहुतेक त्याच्यावर जीव टाकणारे. या लोकांमधला फरक हुशारीचा नाही, इंग्रजीच्या तयारीचाही फारसा नाही. पुस्तक नेताना त्यांच्या कानावर काय पडलेलं होतं, याचा तो फरक आहे, असं माझं मत होत गेलं. ते कसं होत गेलं, ते आकडे टाकून लिहितो.

१. आधी वाक्य येतं, मागून पुस्तक

क्लार्कबाईंनी ही कादंबरी लिहायला सुमारे दहा वर्षं घेतली. दिवसा केंब्रिजमध्ये पाककृतींच्या पुस्तकांचं संपादन, उरलेल्या वेळात जादूगार. दोन प्रकाशकांनी 'हे विकलं जाणार नाही' म्हणून परत पाठवलं. मग २००३ साली ब्लूम्सबरीने ते घेतलं, आणि २००४ च्या सप्टेंबरात तेच न विकलं जाणारं पुस्तक हार्डकव्हरच्या अडीच लाख प्रतींनिशी एकदम अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत बाजारात उतरलं. इंग्रजी आवृत्ती निघायच्या आधीच सतरा भाषांतरांचं काम सुरू झालेलं होतं. पहिल्याच कादंबरीला एवढा थाट मिळाला की वर्तमानपत्रांना एक सोपं वाक्य लागतं. ते तयारच होतं. ब्लूम्सबरी हीच हॅरी पॉटरची ब्रिटनमधली प्रकाशक. इंग्लंड आहे, जादू आहे, लेखिकेचं पहिलंच पुस्तक आहे. झालं, 'मोठ्यांचा हॅरी पॉटर'.

हे वाक्य समुद्र ओलांडून, वीस वर्षं ओलांडून डोंबिवली पूर्वेपर्यंत पोचलेलं आहे. कॉलेजातली एक मुलगी हे पुस्तक मोठ्या हौसेने घेऊन गेली आणि आठवडा व्हायच्या आत परत घेऊन आली. "काका, यात शाळा कधी येते?"

तिचं काय चुकलं? पॉटरच्या पहिल्या पुस्तकात चौथ्या प्रकरणात हॅग्रिड पत्र हातात देतो, सहाव्यात हॅरी पावणेदहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर. क्लार्कबाईंच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात यॉर्कमधल्या जादूगारांच्या मंडळाची बैठक भरते. १८०६ सालचा शरद ऋतू. हे जादूगार महिन्यातून एकदा जमतात आणि जादूच्या इतिहासावर एकमेकांना कंटाळवाणे निबंध वाचून दाखवतात. जादू कुणीच करत नाही, का करत नाही हा प्रश्न विचारणंही त्यांना अशिष्टपणाचं वाटतं. नवीन आलेला एक बिचारा सभासद तोच प्रश्न विचारतो आणि भांडण पेटतं. आपल्याकडच्या कुठल्याही साहित्य मंडळाची वार्षिक सभा बघितलेल्या माणसाला हे प्रकरण वाचून हसू आवरणार नाही. पण जी शाळा शोधतेय, तिला तिथे फक्त म्हातारे दिसणार.

२. जाहिरात खोटं बोलत नसते, घाई करत असते

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून लिहितो.

मलपृष्ठावरची वाक्यं तपासायला घेतली तर खोटं सहसा सापडत नाही. दोन जादूगारांचं वैर? आहे. वेलिंग्टनच्या फौजेबरोबर युद्धावर जाणारा जादूगार? आहे. परीलोकातला एक भयंकर सभ्य गृहस्थ, काटेरी झुडपाच्या म्हाताऱ्यांसारखे केस असलेला? आहे, आणि असा खलपुरुष मी दुसरा वाचलेला नाही. सगळं खरं. फक्त आठशे पानांत पसरलेलं हे सगळं आठ ओळींत एका दमात सांगितलं जातं, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात नकळत एक घड्याळ सुरू होतं. युद्ध कधी? वैर कधी? पुस्तकाच्या नावातच पहिला असलेला स्ट्रेंज अजून कुठे आहे?

स्ट्रेंज यायला खरंच वेळ लागतो. कादंबरीचे तीन खंड आहेत आणि पहिल्याला नाव आहे नॉरेलचं. मधे एका प्रकरणापुरता स्ट्रेंज आणि त्याचा खडूस बाप दिसून जातात, पण कथेत तो पाय रोवतो तो पहिला खंड संपत आल्यावर. यात लेखिकेचा विसराळूपणा नाही. अगदी सुरुवातीच्या तळटीपांपासून ती त्याच्या नावाने ग्रंथांचे दाखले देत राहते, म्हणजे हा माणूस पुढे फार मोठा होणार आहे हे ती आपल्याला कोपऱ्यातून सांगतेय आणि मुद्दाम ताटकळवतेय. ताटकळणं हा त्या पुस्तकाचा खेळ आहे. खेळ आहे हे माहीत असलेला माणूस त्यात मजेने भाग घेतो. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, गाडी लेट आहे.

पहिली जादू कशी येते बघा. यॉर्कच्या जादूगारांशी मिस्टर नॉरेल पैज लावतो: मी जादू करून दाखवली, तर तुम्ही सगळ्यांनी स्वतःला जादूगार म्हणवणं सोडायचं. ते लेखी करारावर सह्या करतात. ठरलेल्या दिवशी यॉर्क मिन्स्टर या प्रचंड कथीड्रलमध्ये मंडळी जमतात. नॉरेल येतच नाही, तो आपला माणूस चिल्डरमास याला पाठवतो. थोडा वेळ काहीच नाही. मग वर कुठेतरी एक बारीक आवाज. एक लहानशी दगडी मूर्ती बोलू लागलेली असते, आणि ती बोलते काय, तर शतकांपूर्वी तिच्या डोळ्यांदेखत झालेल्या एका मुलीच्या खुनाबद्दल. आजवर कुणी ऐकूनच घेतलं नाही ही तिची तक्रार. मग दुसरी मूर्ती, तिसरी, मग सगळं कथीड्रल एकदम बोलायला लागतं. ही जादू अंगावर येते, कारण त्याआधीची पानंच्या पानं आपण जादूवर फक्त निबंध ऐकलेले असतात. निबंध काढून टाका, मूर्ती बोलल्याचं कौतुक तेवढ्यापुरतं राहील.

त्या तिकिटांच्या आणि पावत्यांच्या खुणा मला सापडल्या त्या बहुतेक या प्रसंगानंतर, नॉरेल लंडनला जाऊन मेजवान्यांमध्ये कंटाळत बसतो तिथे. म्हणजे जादू आवडली, पण लगेच दुसरी आली नाही. मूर्ती बोलल्या म्हणजे आता गाडी सुटली असं वाचकाने धरलं, आणि लेखिका पुन्हा लंडनच्या बैठकीच्या खोल्यांमध्ये शिरली.

३. सांगायचंच तर वेग सांगावा, कथानक नव्हे

वरच्या मजल्यावरच्या काकू चोखंदळ वाचक आहेत, पण इंग्रजी फँटसीशी त्यांचा संबंध नातवापुरता. नातवाने अर्धं टाकलेलं हे पुस्तक त्यांनी उचललं आणि मला विचारलं, "हे आहे कसं हो?" मी त्यांना गोष्ट सांगितली नाही. एवढंच म्हटलं की पहिला खंड एका घाबरट, कंजूष, पुस्तकं दडवून ठेवणाऱ्या माणसाबद्दल आहे, त्याला वाटतं जादू फक्त आपल्यालाच यावी. तो आवडण्यासारखा नाही, पण त्याची गंमत वाटते. तळटीपा सोडू नका, त्यांतल्या काही स्वतंत्र गोष्टी आहेत. घटना उशिरा येतात.

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे पूर्वरंग मोठा आहे."

नारदीय कीर्तनाला बसलेल्या माणसाला कधी असं वाटत नाही की बुवांनी आख्यान अजून का लावलं नाही. अभंग झाला, निरूपण झालं, मध्यंतराचं भजन झालं, की मग उत्तररंग, हे त्याला ठाऊक असतं. त्यामुळे निरूपण तो निरूपण म्हणून ऐकतो. उशीर म्हणून नाही. काकूंनी पुस्तक त्याच बैठकीने वाचलं आणि परत करताना तळटीपांबद्दलच जास्त बोलल्या.

आमच्या धंद्यात 'कशावर आहे?' हा प्रश्न रोज येतो, 'किती वेगाचं आहे?' हा कधीच नाही. प्रकाशकांच्या जाहिरातीतही तेच. विषय, बक्षिसं, कुणासारखं आहे, किती खपलं, सगळं असतं. चाल कशी आहे याचा एक शब्द नाही, आणि हळू चालीच्या पुस्तकाबद्दल वाचकाला आधी हवी असते ती हीच माहिती.

४. 'दोनशे पानं धीर धरा' हे सर्वांत वाईट वाक्य

आता याच्या उलट टोकाचे लोक. हळूहळू पकड घेणाऱ्या पुस्तकांचे भक्त असतात, आणि ते नव्या माणसाला हमखास एक सल्ला देतात: पहिली दोनशे पानं कशीही ढकल, मग बघ. टॅड विल्यम्स यांच्या 'द ड्रॅगनबोन चेअर' या १९८८ सालच्या कादंबरीला तर हा सल्ला जन्मापासून चिकटलेला आहे. त्यात भर म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी या मालिकेपासून आपल्याला प्रेरणा मिळाल्याचं सांगितलं आहे, त्यामुळे 'गेम ऑफ थ्रोन्स'चे चाहते तिकडे वळतात. त्यांना हवे असतात विश्वासघात आणि मुंडकी. मिळतो काय, तर हेहोल्ट नावाच्या किल्ल्यात भांडी घासायचा कंटाळा करणारा सायमन नावाचा स्वयंपाकघरातला पोरगा, त्याच्यावर खेकसणारी बाई, आणि मॉर्गेनीस नावाचे एक विक्षिप्त वैद्यबुवा.

धीर धरायला सांगितलेला माणूस ती पानं टोल भरावा तशी वाचतो. लक्ष रस्त्याच्या पुढच्या भागाकडे. आणि मग सायमनला तो किल्ला सोडून पळावं लागतं, तेव्हा त्याला काहीच वाटत नाही, कारण तो स्वतः त्या किल्ल्यात कधी राहिलेलाच नसतो. जे कष्ट वाचवायला निघाले त्यांनी मजा घालवली. पुढचं सगळं दुःख ज्या भांडवलावर उभं आहे ते त्याने न बघता टेबलावर ठेवून दिलेलं असतं.

तेव्हा मी कुणाला 'धीर धरा' म्हणत नाही. सुरुवातीच्या पानांतच काही बघण्यासारखं असेल तर ते दाखवतो. तसं काही नसेल, तर लोकांचा धीर मागण्याचा हक्क त्या पुस्तकाला नाही. हेही बोलायला हवं, कारण हल्ली 'संथ', 'हळूहळू उलगडणारी' हे शब्द स्वतःच जाहिरातीचे झालेत. ज्या कादंबरीला संपादकाने कात्री लावायला हवी होती तिच्यावरही तेच लेबल, आणि वाचक कंटाळला तर दोष वाचकाचा. क्लार्कबाईंच्या पुस्तकातही स्पेन-पोर्तुगालमधल्या लढायांचा भाग मला अजून थोडा लांबलेला वाटतो. स्ट्रेंजने एकदा जादूने रस्ते हलवून दाखवले, ठीक आहे. पुन्हा पुन्हा कशाला?

५. शेवट कळल्याने पुस्तक मरत नाही

वाचकांना भीती असते ती कथानक फुटण्याची. मला त्याची फारशी भीती वाटत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रयोग प्रसिद्ध केले: लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांचे निष्कर्ष वेगळे आलेत, आणि लघुकथा कुठे, आठशे पानं कुठे. तरी मराठी वाचकाला हे पटायला प्रयोगशाळा लागू नये. 'मृत्युंजय' हातात घेणाऱ्या कुणाला कर्णाचं पुढे काय होतं हे माहीत नव्हतं? १९६७ पासून लोक ती कादंबरी वाचतायत. 'आता चाक कधी रुतणार' म्हणून घड्याळाकडे कुणी बघत नाही.

टॉल्किन मात्र या बाबतीत हळवे होते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या भागाला प्रकाशकांनी 'रिटर्न ऑफ द किंग' नाव दिलं ते त्यांना रुचलं नव्हतं, राजा परत येतो हे नावातच फुटतं म्हणून. त्यांना 'वॉर ऑफ द रिंग' हवं होतं. नाव प्रकाशकांचंच राहिलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

६. मोठ्या नावाची शिफारस

याच 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची आणखी एक हकिकत. १९५४ साली पहिला भाग निघताना प्रकाशक ॲलन अँड अन्विनला या व्यवहारात हजार पौंड बुडतील अशी धास्ती होती. मग वेष्टनासाठी सी. एस. लुईस, नेओमी मिचिसन, रिचर्ड ह्यूज अशा नावाजलेल्या लोकांकडून शब्द घेतले गेले. त्यांनी हात आखडता घेतला नाही. लुईस यांनी आरिओस्तो या इटालियन महाकवीला मधे आणलं, कुणी आर्थर राजाच्या कथा लिहिणाऱ्या मॅलरीला. परिणाम असा की काही समीक्षक कादंबरी बाजूला ठेवून त्या तुलनांवरच तुटून पडले. अमेरिकेतले दबदबा असलेले समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९५६ साली 'द नेशन'मध्ये या पुस्तकाची जी सालं काढली, त्यात शिफारस करणाऱ्या मंडळींचा नावानिशी समाचार आहे. पुस्तक साधेपणाने आलं असतं तर विल्सनना ते आवडलं असतं असं मी म्हणत नाही. पण राग निम्मा तरी वेष्टनावरचा होता.

'स्ट्रेंज अँड नॉरेल'च्या वेष्टनावर नील गेमन यांचे शब्द आहेत: गेल्या सत्तर वर्षांतली इंग्लंडमधली ही सर्वोत्तम अद्भुत कादंबरी, अशा अर्थाचे. वाचणारा मनात लगेच हिशेब करतो की सत्तर वर्षांत टॉल्किनही आले, म्हणजे हे त्यांच्या वरचं? आणि पुस्तक उघडतो तो लढाया आणि महायात्रा शोधत. गेमन यांच्या डोळ्यांसमोर होती होप मर्लीस यांची 'लड-इन-द-मिस्ट', १९२६ सालची, एका सुखवस्तू गावात परीलोकाची फळं चोरून येऊ लागतात तिची गोष्ट. ती वाचलेल्याला गेमन यांची तुलना चपखल वाटेल. पण ती वाचलेली माणसं किती? शिफारस करणारा ज्या पुस्तकाशी मनात तुलना करतो आणि वाचणारा ज्याच्याशी करतो, ती दोन पुस्तकं क्वचितच एक असतात.

७. मुखपृष्ठ

थोडक्यात. क्लार्कबाईंच्या पहिल्या आवृत्तीचं वेष्टन काळं किंवा पांढरं, त्यावर अक्षरं, बाकी विशेष काही नाही. ना टोपीवाला म्हातारा, ना ड्रॅगन. पोर्शिया रोझेनबर्ग यांची पेन्सिलची धूसर चित्रं आत, जागोजागी. वेष्टनाने कुठलंच वचन दिलं नाही, हे उत्तम. याच्या विरुद्ध उदाहरण १९६५ च्या अमेरिकन बॅलन्टाइन पेपरबॅकचं. 'हॉबिट'च्या मुखपृष्ठावर सिंह आणि शहामृगासारखे एमू. चित्र काढणाऱ्या बार्बरा रेमिंग्टन यांना पुस्तक वाचायला सवडच मिळालेली नव्हती. टॉल्किन वैतागले, पुढच्या छपाईत सिंह गेला. पुस्तक लाखांनी खपलं. एमू बघून कुणी घेतलं असेल असं वाटत नाही, पण एमू शोधत कुणी वाचलं असेल तर त्याची दया येते.

८. पडद्यावरून आलेला वाचक

बीबीसीने २०१५ साली 'स्ट्रेंज अँड नॉरेल'ची सात भागांची मालिका केली. चांगली केली. एडी मार्सनचा नॉरेल मला पुस्तकातल्यापेक्षाही जवळचा वाटतो. पण मालिकेला स्ट्रेंज पहिल्याच भागात आणावा लागला, आणणं भागच होतं. प्रेक्षक आठवडाभर थांबेल, महिनाभर नाही. ती बघून पुस्तक न्यायला आलेल्यांची गत पॉटरवाल्यांपेक्षा वेगळी. त्यांना माणसं ओळखीची असतात, चेहरे तयार असतात, म्हणून ते जास्त टिकतात. फक्त ओळखीचे प्रसंग येईपर्यंत मधल्या पानांवरून भराभर उतरतात आणि परीलोकातल्या त्या गृहस्थाच्या तावडीत सापडलेल्या लेडी पोल व स्टीफन ब्लॅक यांच्या हालअपेष्टांपाशी येऊन मात्र थांबतात, कारण तो भाग पुस्तकात जास्त सावकाश आणि म्हणून जास्त क्रूर आहे.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बाबतही हेच दिसतं. सिनेमात बिल्बोच्या वाढदिवसानंतर फ्रोडो जणू लगेच निघतो, पुस्तकात मधे सतरा वर्षं जातात. शिवाय वाटेत टॉम बॉम्बाडिल भेटतो, गाणी म्हणतो, जेवू घालतो. सिनेमावाल्यांनी त्याला गाळला. आमच्याकडच्या प्रतीत खूण सापडते ती बॉम्बाडिलच्याच घरात.

९. काहींना नाहीच आवडत

काय सांगून दिलं, कुणी सांगितलं, याने सगळं ठरतं असं नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद आहेत. त्यांना मी वेगाची पूर्ण कल्पना दिली, यॉर्कच्या मूर्तींपर्यंतची वाट सांगितली, तळटीपांचा मोह दाखवला. त्यांनी लोकलमध्ये नाही, घरी आरामखुर्चीत बसून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "सगळं कळलं. आवडलं नाही. या लोकांना दुसरं काम नाही." हा निकाल मला मान्य आहे. त्यांनी नाकारलं ते क्लार्कबाईंनी लिहिलेलं पुस्तक. कॉलेजातल्या मुलीने नाकारलं ते वर्तमानपत्राने लिहिलेलं.

१०. आणि मग 'पिरानेसी'

'स्ट्रेंज अँड नॉरेल'ला २००५ साली ह्यूगो आणि वर्ल्ड फँटसी ही दोन्ही पारितोषिकं मिळाली, बुकरच्या लांब यादीतही ते होतं. त्यानंतर सगळे दुसऱ्या भागाची वाट बघत राहिले. बाई दीर्घ आजारपणात अडकल्या, थकवा असा की लिहिणं होईना. कादंबरी आली ती २०२० साली, सोळा वर्षांनी, आणि ती 'पिरानेसी'. अडीचशेच्या आसपास पानं. ना इंग्लंडचे जादूगार, ना वेलिंग्टन, ना तळटीपा. एका अफाट घरात एक माणूस राहतो, दालनामागून दालनं, भिंतींना पुतळेच पुतळे, खालच्या मजल्यांवर भरती-ओहोटीचा समुद्र. त्या माणसाला वाटतं, हेच जग. २०२१ चं विमेन्स प्राइझ या पुस्तकाला मिळालं.

आधीचं जाड पुस्तक जिवापाड आवडलेले एक तरुण सभासद 'पिरानेसी' घ्यायला आले. "याच बाईंचं ना? मग एवढं पातळ कसं? दुसरा भाग आहे का?" इतक्या वर्षांत शहाणपण आलेला मी, काहीही जास्त बोलायचं नाही म्हणून एवढंच सांगितलं की दुसरा भाग नाही, एक माणूस आहे, घर आहे आणि घरात समुद्र आहे. चार दिवसांत पुस्तक परत. कण्यावर शेवटपर्यंत सुरकुत्या. आवडलं होतं. पण काउंटरवर ठेवता ठेवता म्हणाले, "समुद्र म्हणालात ना तुम्ही, पहिली पन्नास पानं मी जहाज कधी येतं तेच बघत होतो."